खालच्या आळीतला बाण

४ नोव्हेंबर, मंगळवार

"जे आपल्याला करायचं नाय, ते गिऱ्हाइकाला दाखवायचं नाय." केरू पेंटर हे बोलले त्याला सव्वीस वर्षं झाली. पेणच्या एसटी स्टँडमागे त्यांची शेड होती. मी अठरा वर्षांची, त्यांच्याकडे पाट्या रंगवायला शिकत होते. एका दवाखान्याच्या पाटीचे मी हौसेने चार नमुने काढले आणि त्यातला सगळ्यात भिकार नमुना डॉक्टरांनी उचलला. केरूकाका तो रंगवायला बसले आणि मान वर न करता एवढं एकच वाक्य बोलले. मला तेव्हा हसू आलं होतं.

आज इतका राग आलाय की अक्षर वाकडं येतंय.

रोह्याजवळच्या कंपनीचं काम. कंपनीच्या कुंपणाला लागून कुंभेरी गाव आहे. टाकीतून वायू सुटला आणि सायरन वाजला तर गावाने कुठे जायचं, हे सांगणारे पाच बोर्ड हवेत. ऑगस्टपासून मी त्यावर आहे. सहा वेळा गावात जाऊन आले. भातलावणी आटपलेल्या बायकांत बसले, शाळेत गेले, रेशनच्या रांगेत उभी राहिले. सायरन वाजला तर तुम्ही काय करता, हे प्रत्येकाला विचारलं. कुणी म्हणालं दार लावून घेतो, कुणी म्हणालं आधी गुरं सोडतो. खालच्या आळीतल्या हौसाबाई सत्तरीच्या. त्यांनी माझं मनगट धरून मला ओट्यावरून खाली उतरवलं आणि म्हणाल्या, "ही चिमनी बघ. ही पाठीला घ्यायची. ती शाळेची टाकी बघ. तिकडं चालायचं. यात काय लिवायचंय गो?"

तोच माझा बोर्ड झाला. एका बाजूला कंपनीची चिमणी, दुसऱ्या बाजूला शाळेची पाण्याची टाकी, मधे चालणारं पाठमोरं माणूस. खाली दोन ओळी: चिमणी पाठीमागे ठेवा. टाकीकडे चालत राहा. शाळा उंचावर आहे, टाकी गावात कुठूनही दिसते, चिमणी तर दिसतेच. वाचता न येणाऱ्यालाही कळेल. इतकं साधं काही मी आजवर केलं नव्हतं.

आज मीटिंगला मात्र तीन नमुने नेले. नवरा दिनानाथ म्हणाला होता, "एकच नेलास तर म्हणतील बाई भाव खाते. तीन ने. त्यातला एक असा ने की त्याच्याशेजारी तुझा उठून दिसेल." छपाईचं मशीन तो बघतो, डिझाइन मी करते, आणि गिऱ्हाईक आपल्याला जास्त कळतं असं त्याला वाटतं. पहिला नमुना नुसता मजकुराचा. दुसरा माझा. तिसरा मी रविवारी दुपारी चाळीस मिनिटांत केला: हिरवी पार्श्वभूमी, हसरं कुटुंब, 'सुरक्षित जागा' असं ठळक आणि खाली डावीकडे जाणारा जाडजूड बाण. तो नाकारला जावा म्हणूनच केला होता.

मोठ्या साहेबांनी दुसरा नमुना हातात धरला. "मॅडम, चिमणी पाठीमागे ठेवा म्हणजे कंपनीकडे पाठ फिरवा, असं होतंय. आपण गावाला फॅमिली मानतो." मग तिसरा उचलला. "हे बघा. हसरे चेहरे. किती पॉझिटिव्ह आहे."

सुरक्षा विभागाचा हितेश शेजारी बसला होता. तिशीचा असेल. तो मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही गावात फिरलात. तुम्हाला यातला कुठला योग्य वाटतो?" मी म्हटलं, "तिन्ही विचार करूनच केलेत, सर. निर्णय तुमचा." तो म्हणाला, "तरी पण?" मी पाणी प्यायले.

तिसरा ठरला. दहा मिनिटांत.

हितेशसारख्यांचा जास्त राग येतो. साहेबासमोर एक शब्द धड बोलायची हिंमत नसते. सुरक्षा विभाग म्हणे.

५ नोव्हेंबर

आंघोळ करताना सगळी उत्तरं सुचली. सर, फॅमिली असेल तर फॅमिलीला दाराबाहेरचा रस्ता आधी दाखवतात. सर, सायरन वाजल्यावर हसणारी बाई मी अजून पाहिली नाही. सर, हे वाक्य माझं नाही, तुमच्या कुंपणापलीकडच्या बाईचं आहे, तिला बोलावून विचारा. एकेक उत्तर असं की साहेबाने खुर्ची सोडली असती. साबण डोळ्यांत गेला तरी मी बोलतच होते.

भाजी करपली. दिनानाथ म्हणाला, काम मिळालं ना, मग झालं.

९ नोव्हेंबर, रविवार

केरूकाकांकडे गेले. हात कापतात आता, कप सून धरते. त्यांना सगळं सांगितलं. माझी बाजू घेतील असं वाटलं होतं.

"मग तू काय बोललीस?"

"काय बोलणार? ते ऐकणारच नव्हते."

"ते नाय इचारलं मी. तू काय बोललीस?"

मी म्हटलं, काका, तुमचा काळ वेगळा होता, तेव्हा पेंटरला मान होता. त्यावर ते मोठ्याने हसले. "मान कसला डोंबलाचा. बाजारातला एक शेट मला कुत्र्यागत हाकलायचा. मी त्याला कागद दाखवायचोच नाय. पाटीएवढं वर्तमानपत्र बांबूला लावायचो, दुकानावर धरायला लावायचो नि शेटला रस्त्यापलीकडं न्यायचो. म्हणायचो, आता तुम्ही गिऱ्हाईक. वाचा. खुर्चीत बसून पाटी दिसते व्हय? पाटी रस्त्यावरनंच दिसते."

"आणि नाही आला रस्त्यावर तर?"

"नाय आला तर नाय आला. पण इचारायचं काम आपलं."

चहा अर्धा ठेवून निघाले. म्हातारपणी माणूस खवचट होतो. माझ्याकडे बांबू नाही, साहेब काही बाजारातला शेट नाही, आणि काचेच्या दारातून आत जायला मला तीन ठिकाणी सही करावी लागते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाचही बोर्ड छापून झाले. एकच फाइल, पाच प्रती. मशीनवरून ते हसरं कुटुंब पाच वेळा बाहेर आलं आणि पाचही वेळा मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली.

दुपारी हितेशचा फोन. "मॅडम, कुठला बोर्ड कुठे लावायचा त्याची यादी मिळेल का? किंवा तुम्ही एकदा माझ्याबरोबर गावात आलात तर बरं होईल." आता याला गाव आठवलं. मी सांगितलं, "सगळे सारखेच आहेत, सर. कुठलाही कुठेही लावा." आणि फोन ठेवला. बरं वाटलं. दहा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी बोलले.

२४ नोव्हेंबर

बोर्ड लागले म्हणे. बघायला गेले नाही, जाणारही नाही. रोह्याची गाडी स्टँडवर दिसली की मी दुसरीकडे बघते. दिनानाथ म्हणतो, तुझं लहान पोरासारखं आहे. असू दे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर नीट लिहिता येणार नाही.

आज कुंभेरीत मॉक ड्रिल होतं. खोटा सायरन वाजवायचा आणि लोक बोर्डांप्रमाणे जातात का ते बघायचं. मला निमंत्रण होतं, दिनानाथने ढकलून पाठवलं. कंपनीच्या गेटपाशी मंडप घातला होता, खुर्च्या, माइक, बिस्किटांचे खोके. अकराला सायरन वाजला. माइकवाला म्हणाला की वरच्या आळीतले लोक शाळेच्या मैदानावर पोचायला लागले आहेत. टाळ्या झाल्या.

मग रस्त्याने एक रांग आमच्याकडे येताना दिसली. खालच्या आळीतल्या बायका, कडेवर मुलं, दोन-तीन म्हातारे, सगळ्यांत पुढे काठी टेकत हौसाबाई. मला वाटलं गंमत बघायला आल्या. माइकवर आलं, "ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद." कोणीतरी मोजलं. चौसष्ट. बिस्किटांचे पुडे वाटले. साहेब एका पोराच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, फोटो निघाला.

हौसाबाई माझ्याजवळ आल्या. घामाघूम झाल्या होत्या, पण खुशीत. "आलो बघ गो. तुज्या बाणानं बरोबर आणलं."

मी हसले. खरंच हसले. मग त्यांच्या डोक्यावरून मला चिमणी दिसली.

आम्ही चिमणीच्या बुडाशी उभे होतो. ज्या टाकीतून वायू सुटायचा, ती मंडपाच्या मागे, एखाद्या क्रिकेटच्या मैदानाइतक्या अंतरावर.

मी धावत खालच्या आळीत गेले. गावातून एकच रस्ता जातो, एका टोकाला कंपनी, दुसऱ्या टोकाला शाळा. वरची आळी रस्त्याच्या एका अंगाला, खालची दुसऱ्या. वरच्या आळीतल्या बोर्डासमोर उभं राहिलं की शाळा डाव्या हाताला येते. खालच्या आळीतल्या बोर्डासमोर उभं राहिलं की डाव्या हाताला येते कंपनी. बाण सगळीकडे डावीकडे. मी हौसाबाईंच्या ओट्याशेजारच्या बोर्डासमोर उभी राहिले आणि डावा हात लांब केला. बोटांच्या टोकाला चिमणी होती.

परत आले तेव्हा हौसाबाई पुडा फोडून शेजारणीच्या नातवाला बिस्किट भरवत होत्या. मी विचारलं, "हौसाबाई, चिमणी पाठीला घ्यायची असं तुम्हीच सांगितलं होतंत ना मला?"

"व्हय, सांगितलं की."

"मग इकडे का आलात?"

"तू आमच्यात बसलीस, सगळ्यांना इचारलंस, मग बोर्ड काढलास. म्हटलं आपल्याला काय कळतंय, शिकलेल्या पोरीनं मोजूनमापून घातलं आसंल. ही सून सगुणा म्हनत व्हती, आये, उलटं जातोय. मीच तिला गप केली."

साहेबांनी मला पुष्पगुच्छ दिला. "मॅडम, शंभर टक्के लोकांनी बोर्ड फॉलो केला. हेच डिझाइनचं यश." मी तो घेतला. माझे हात पुढे झाले आणि त्यांनी तो घेतला. तोंडातून 'थँक यू सर' गेलं.

हितेश वही धरून कडेला उभा होता. टाळ्या वाजवत नव्हता. माझ्याकडे बघत होता. आता कसला बघतोस? बोर्ड लावताना एकदा उभं राहून बघितलं असतंस तर? पण नाही, यांना साइटवर चार खांब ठोकले की ड्युटी संपली.

पुष्पगुच्छ वडखळला एसटीच्या सीटवरच सोडून दिला. कंडक्टरने हाक मारली, "ताई, फुलं राहिली." उतरले होते, परत चढून घ्यावा लागला.

१३ डिसेंबर

हितेशचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. कौतुक ऐकायची ताकद नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

कंपनीची मेल आली. हाच बोर्ड आणखी वीस ठिकाणी लावायचा, थेट खांब गावाच्या अंगापर्यंतच्या गावांत. 'ड्रिलमध्ये सिद्ध झालेले डिझाइन' असं लिहिलंय. खाली साहेबांची सही.

दिनानाथने फाइल उघडली. "तीन नंबरच ना? संध्याकाळपर्यंत पहिले पाच काढतो."

मी मशीनचं बटण बंद केलं. तो म्हणाला, "डोकं फिरलंय का?" मी त्याला खालच्या आळीचं सांगितलं. "मग त्या दोन बोर्डांचा बाण फिरवून देऊ. तेवढंच ना?"

तेवढंच ना. वीस गावांत रस्ता कुठून कुठे जातो, कोण कुठल्या अंगाला राहतं, टाकी कुठून दिसते, कोणाला माहीत आहे? मला कुंभेरी माहीत होतं. तिथे मी सहा वेळा गेले होते. आणि तिथेच चौसष्ट माणसं गेटवर आली.

मी ओरडले. "एक असा ने की तुझा उठून दिसेल, हे कोण म्हणालं होतं?" तो म्हणाला, "मी म्हणालो. पण काढला कोणी?" भांडण तिथेच संपलं, कारण मी मोरीत जाऊन नळ सोडला.

१६ डिसेंबर, मंगळवार

सकाळच्या गाडीने कुंभेरीला. सोबत रंगाचा डबा घेतला होता, पण बोर्डाच्या प्लास्टिकवर तो धरेना, ओघळ आले. हौसाबाई ओट्यावरून बघत होत्या. काही न विचारता आत गेल्या, जुनी साडी आणली, मधून फाडली. आम्ही दोघींनी खालच्या आळीतले दोन्ही बोर्ड झाकले. हसरं कुटुंब वर राहिलं, बाण साडीखाली गेला.

"कंपनीवाले वराडतील गो."

"ओरडू देत."

"मग आदी का नाय वराडलीस? साडी वाचली आसती माजी."

त्या चेष्टेने म्हणाल्या. मला ती चेष्टा एसटीत नागोठण्यापर्यंत पुरली. कंपनीचा राग, साहेबाचा राग, हितेशचा राग. खिडकीबाहेर कापलेल्या भाताची खाचरं जात होती आणि मी दात आवळून बसले होते.

१७ डिसेंबर

सगुणाचा फोन. "ताय, वॉचमन आला व्हता. बघून गेला. काडली नाय साडी. कोना साहेबानं त्याला सांगितलंय म्हने, ऱ्हाऊ दे, हात लावू नको." बरं झालं. यांचा आळस कधीतरी कोणाच्या कामी आला.

हितेशचा पुन्हा एक मिस्ड कॉल.

१८ डिसेंबर, गुरुवार

पत्र लिहायचं म्हणून ही वही सुरुवातीपासून वाचली. तारखा पाहिजे होत्या. चुका त्यांच्या, तारखा माझ्याकडे, असं ठरवून पेन्सिल घेऊन बसले. जिथे त्यांची चूक तिथे खूण करायची.

४ नोव्हेंबर. 'तुम्हाला यातला कुठला योग्य वाटतो?' 'तरी पण?' मी पाणी प्यायले.

१४ नोव्हेंबर. 'यादी मिळेल का? किंवा तुम्ही एकदा माझ्याबरोबर गावात आलात तर.' 'कुठलाही कुठेही लावा.'

कुठेही लावला तरी खरा ठरेल असा बोर्ड एकच होता, दुसरा. त्याबद्दल मी महिनाभर मनात बोलत होते आणि तोंडाने तिसरा त्यांच्या हातात देत होते. आणि 'बरं वाटलं' असं लिहून ठेवलंय मी. माझ्याच अक्षरात.

पेन्सिलीची एकही खूण झाली नाही. एक करायची होती, चिमणीकडे पाठ नको म्हणणाऱ्या साहेबावर, ती करेन. पण त्या माणसालाही मी समोरून काही ऐकवलेलं नाही. त्याने चित्र बघितलं आणि त्याला जे वाटलं ते बोलला. मी तीन महिने गावात काय ऐकलं, हे मी त्याला सांगितलंच नाही. हौसाबाईंचं नाव त्या खोलीत एकदाही घेतलं नाही. आपलं काम बघताक्षणी त्यांना कळावं, एवढाच माझा हट्ट होता. समजावून सांगावं लागणं म्हणजे कमीपणा वाटला मला.

राग गेलेला नाही. उलट आता तो कोणाकडे पाठवायचा तेच कळत नाही. दिवसभर मी भांडी आपटतेय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पत्र लिहिलं. साहेबांना, प्रत हितेशला. त्याचा फोन मात्र अजून लावलेला नाही. काय तोंडाने लावू? तो चिडलेलाच असणार. साडीबद्दल विचारेल, ड्रिलबद्दल विचारेल, आणि मग साहेबाच्या बाजूने बोलेल.

दिनानाथने पत्र वाचलं. "हे वाचून ते येतील असं वाटतंय तुला?"

"नाही."

"मग?"

"विचारायचं काम आपलं."

त्याने वीस बोर्डांची फाइल मशीनवरून काढली.

पत्राची नक्कल इथे उतरवते. काचेच्या दारापलीकडे ते बहुतेक कोणाच्या तरी ट्रेमध्ये पडून राहील. मला उत्तर माहीत आहे: साहेब दौऱ्यावर आहेत, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

'सर,

कुंभेरीतले बोर्ड ज्या नमुन्यावरून छापले, तो मी चाळीस मिनिटांत केला होता. तो लागावा अशी माझी इच्छा नव्हती, तरी मी तो आपल्यासमोर ठेवला. हितेश सरांनी दोनदा माझं मत विचारलं, मी दिलं नाही. कुठला बोर्ड कुठे लावायचा ही यादी त्यांनी मागितली, तीही दिली नाही. यात त्यांचा दोष नाही.

१२ तारखेला खालच्या आळीतली चौसष्ट माणसं गेटवर आली, कारण माझा बाण त्यांना तिकडे घेऊन आला. खरा वायू असता तर ती त्याच्याकडेच चालत आली असती, आणि आपण बोर्डाला यशस्वी म्हटलं नसतं. त्यांना रस्ता ठाऊक होता. माझ्या बोर्डामुळे त्यांनी स्वतःचं ऐकलं नाही.

हा बोर्ड वीस गावांसाठी मी छापणार नाही. कुंभेरीतले पाचही काढून माझा दुसरा नमुना लावू द्यावा. 'चिमणी पाठीमागे ठेवा' हे वाक्य माझं नाही, ते खालच्या आळीतल्या हौसाबाईंचं आहे. आपल्याला ते कंपनीविरुद्ध वाटलं. मला ते आजवर ऐकलेलं सगळ्यात कामाचं वाक्य वाटतं, आणि हे मी त्या दिवशीच सांगायला हवं होतं.

खोलीत बसून मला ते पटवून देता येणार नाही, म्हणून एक विनंती. पुढच्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता आपला चाचणीचा सायरन वाजणार आहे. त्या वेळी आपण खालच्या आळीत, हौसाबाईंच्या ओट्यापाशी या. बोर्डावर बांधलेली साडी मी सोडेन. आपण बोर्डासमोर उभं राहा, आणि सायरन वाजला की कोणालाही काही न विचारता, बाण दाखवतो तिकडे चालायला लागा. मी शेजारून चालेन. थांबायचं कुठे, ते आपण सांगा.'